नंदादीप आणि पालिकेचा बंब

अष्टमीच्या सकाळी वारा सुटला आणि साळूबाईंचा सगळा जीव समईच्या ज्योतीत जाऊन बसला.

घट बसल्यापासून त्यांच्या देवघरातला नंदादीप विझलेला नव्हता. तो दरवर्षीच राखायचा असतो; पण यंदाची गोष्ट निराळी होती. त्यांचा अर्जुना पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला. श्रावणात लढाई संपली, सोनघाटातल्या दोन घरची पोरं ट्रंका घेऊन परतलीसुद्धा. अर्जुनाचं मात्र ‘लवकरच येतो’ एवढंच पत्र आलं होतं. तेव्हा साळूबाईंनी आईपुढं पदर पसरून बोलून ठेवलं होतं, की नऊ दिवस ज्योत अखंड राखते, तू माझं लेकरू उंबऱ्याच्या आत आण. त्या एकवेळ फराळ करत, अनवाणी राहत आणि रात्री उठउठून समईत तेल घालत. सात दिवस निर्विघ्न गेले होते. आता हे वारं आलं.

“आवं, बगा की जरा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ज्योत कशी नाचतीया.”

हंबीरराव पटका बांधत होते. पूर्वी ते पलटणीत हवालदार होते आणि आता नगरपालिकेच्या आगीच्या बंबाचे मुकादम होते. ज्योतीकडे त्यांनी जाणकाराच्या नजरेनं पाहिलं, परसात गेले आणि न्हाणीच्या आडोशाचा बांबूचा तट्ट्या उचलून घेऊन आले. समईच्या तिन्ही बाजूंनी तो वाकवून उभा केला.

“आता तुफान आलं तरी ज्योत हलायची न्हाई.”

“पर तट्ट्या वाळल्याला हाय. पेटायचा न्हाई न्हवं?”

“अगं, सारी हयात आगीत गेली माजी. मला शिकवतीस व्हय?”

साळूबाई गप्प राहिल्या. व्रताच्या दिवसांत उलट उत्तर द्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. इतर दिवशी त्या बोलल्या असत्या, आणि मग ही गोष्ट घडलीच नसती.

हंबीरराव घाईत होते त्याला कारण होतं. पालिकेच्या आग कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब आज बंब बघायला येणार होते. हा बंब लढाईच्या धास्तीनं आलेला. वरून विमानं येतील, बाँब पडतील, म्हणून सरकारी मदतीतून तो घेतला होता आणि चार माणसं नेमली होती. सोनघाटावर विमान काही आलं नाही. एकदा दिसलं ते फार उंचावरून सांगलीकडं निघून गेलं. आता लढाईच संपली होती आणि मदतही.

लालासाहेब आले तेव्हा नाथाजी, कृष्णात आणि आकाराम बंबाला चिंच लावून घासत होते. पितळ सोन्यासारखं झळकत होतं. बंब म्हणजे गाड्यावर बसवलेली टाकी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी हापसायचे दांडे. लालासाहेबांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली.

“वर्षभरात किती आगी विझवल्या, मुकादम?”

“आगी दोन, सायेब. आन म्हस एक.”

“म्हैस?”

“हिरीत पडली हुती. दोर लावून वर काढली. लय वजनदार.”

“म्हशीचं राहू द्या. आगी कुठल्या?”

आकाराम पुढं झाला. “एक कडब्याची गंजी हुती. आमी जाईस्तवर तिची तीच जळून मोकळी झाली. दुसरी गुळाच्या वखारीत. धूर तर असा, की डोळं उगडंनात!”

“ती तरी विझवलीत ना?”

“ती आग न्हवतीच, सायेब. वखारवाल्याची कारभारीन मिरच्या भाजत हुती.”

लालासाहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. “आणि बैल कुठायत?”

“बैल आरोग्य खात्याचं,” नाथाजी म्हणाला. हा माणूस खरं बोलायचा आणि त्यापायी सगळ्यांना अडचणीत आणायचा. “सकाळच्या पारी कचऱ्याच्या गाडीला, दुपारनं आमाला. आग दुपारनं लागली तर बरं पडतंय.”

कृष्णातनं विषय बदलावा म्हणून कॅनव्हासचा पाइप उलगडून दाखवला. “ह्येचं तेवडं बगा, सायेब. समदा चाळणीवानी झालाय. हितनं पाणी सोडलं की वाटंतच सडा पडतुया. फुडं जायाचं ते न्हाईच जात. कवाधरनं नवा मागतोय आमी.”

“नवा पाइप?” लालासाहेब म्हणाले. “अहो, मी निराळ्याच विचारानं आलोय. बंब कुलपात ठेवावा, राखणीला एक माणूस असावा. बाकीच्या तिघांना...”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. शेजारची धोंडुबाई लुगड्याचा ओचा सावरत धावत आली होती. धाप लागल्यामुळं तिला बोलता येईना, म्हणून ती नुसती हातानं मागं दाखवत होती.

“कुटं? कुटं लागली?” चौघंही एका आवाजात ओरडले. त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता, हे नाकारता येणार नाही. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत खरीखुरी आग!

“तुमच्या घरात, मुकादम! देवघरातनं धूर निगतोय!”

हंबीररावांच्या डोळ्यांपुढं वाळका तट्ट्या उभा राहिला. ते गाड्याच्या जुवाला जाऊन भिडले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आकाराम, मागून नाथाजी आणि कृष्णात. बंब गल्लीतून खडखडत निघाला.

“मुकादम,” मागून नाथाजी ओरडला, “दुपारनं लागली न्हाई बगा!”

“गप ऱ्हा रं गड्या! ढकल!”

देवळापाशी चढ होता. तिथं गाडा अडला. लालासाहेब सोबत चालत होते ते पाहणी करायला; पण गाडा मागं यायला लागलेला बघून त्यांनीही कोट सावरून खांदा दिला. चढ संपल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, तोवर मुकादमांचं घर आलं होतं.

दारातून धूर लोटत होता. आत देवघरात तट्ट्याची एक बाजू कलंडून पेटली होती, जाळ फळीवर चढला होता आणि वर माळ्यावर पावसाळ्यातून उरलेल्या शेण्यांकडं जिभा काढत होता. शेण्या धरल्या असत्या तर घर गेलं, आणि वारा असा, की गल्लीही गेली असती. आणि या सगळ्यात, घटाशेजारी, पितळेची परात ढालीसारखी धरून साळूबाई बसल्या होत्या. परातीच्या अलीकडं समई होती. ज्योत तेवत होती.

“अगं, भायेर ये आधी!” हंबीरराव ओरडले.

“मी न्हाई उटत. मी उटली की दिवा गेला.”

धोंडुबाई तोवर भरलेली घागर घेऊन आत शिरली होती. तिनं ती उचललीच होती, तेवढ्यात साळूबाईंनी एका हातानं तिचं मनगट धरलं. “धोंडे, तुला आईची आन हाय. दिव्यावर पाणी पडलं तर माज्या अर्जुनाचं काय हुईल?”

धोंडुबाईनं घागर खाली ठेवली आणि रडायला लागली.

“समई उचलून बाहेर आणा!” लालासाहेब दारातून म्हणाले.

“घट बसल्यावर दिवा जागचा हालवत न्हाईत, सायेब,” साळूबाई खोकत म्हणाल्या. आगीतसुद्धा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“मग विझू द्या आणि परत लावा!”

साळूबाईंनी नुसतं लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेब दोन पावलं मागं सरकून अंगणात गेले.

हंबीररावांना लढाईत असा पेच पडला नव्हता. एका खोलीत दोन आगी. एक विझवायची आणि दुसरी राखायची, आणि दोहोंमध्ये परातीएवढं अंतर. त्यांनी दबक्या आवाजात हुकूम दिला, “नाथाजी, तोटी धर. तट्ट्यावर मार. दिव्याला थेंब लागता कामा नये.”

“मुकादम, पाण्याला काय वळख असती व्हय? ह्यो देवाचा जाळ, ह्यो तट्ट्याचा?”

“तू मार म्हंतो न्हवं!”

नाथाजीनं देवीला मनोभावे हात जोडले आणि तोटी रोखली. अंगणात कृष्णात आणि आकाराम दोन बाजूंनी दांडे हापसू लागले. खाली, वर, खाली, वर. साळूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि आईचं नाव घ्यायला सुरुवात केली. आता धो धो पाणी येणार, तट्ट्यावर आपटणार, भिंतीवर उडणार आणि समईवर बरसणार, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं.

अंगणात एकदम कारंजी उडाली. पाइपाच्या ज्या ज्या जागी भोक होतं त्या त्या जागी पाणी उसळलं. लालासाहेब नेमके पाइपाला लागून उभे होते. एक धार त्यांच्या कोटात शिरली, एक पगडीवर उतरली आणि एक त्यांनी तोंड उघडून ‘अरे, अरे’ म्हटलं त्या तोंडात गेली. तुळशीला पाणी मिळालं, दारातल्या शेळीला मिळालं, जमलेल्या निम्म्या गल्लीला मिळालं.

“सोडा की पाणी!” आतून नाथाजी ओरडत होता. “आलंच न्हाई अजून!”

“सोडलंय की रं! हातं मोडली आमची!”

शेवटी तोटीच्या तोंडाशी पाणी आलं. महादेवाच्या पिंडीवर गळतीतून पडते तशी, करंगळीएवढी, मुकाट धार. उसळी नाही, शिंतोडा नाही. नाथाजी क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तोटी पळीसारखी धरली, अगदी जवळ गेला आणि फळीवर, तट्ट्यावर, बांबूच्या एकेका पेरावर सावकाश अभिषेक करू लागला. हंबीरराव घोंगडं ओलं करून वरच्या जिभा दाबत होते. जाळ चरचरला, कुरकुरला, खाली बसला. मग नुसता धूर झाला, इतका दाट, की कुणाला कुणाचं तोंड दिसेना.

दांडे थांबले.

“इजली,” हंबीरराव म्हणाले.

“कंची?” साळूबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. “आवं, कंची इजली?”

धुरात हंबीररावांना काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बघायचा धीरही होत नव्हता. तट्ट्या आपण लावला होता. पोरगं दोघांचं होतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या पटक्यातून पाणी टपटपत राहिलं. इतका मोठा हवालदार गडी, पण खाली मान घालून तोही आईचं नाव घेत होता.

मग वाऱ्यानंच दार ढकललं. धूर उठला, माळ्याला लागला, कौलांतून बाहेर गेला. परात काळी पडली होती. घटातलं धान्य हिरवंगार उभं होतं. आणि परातीच्या आडोशाला ज्योत तेवत होती. पिवळी, शांत, जणू घरात काही घडलंच नव्हतं.

“वैनी,” नाथाजी हलकेच म्हणाला, “डोळं उगडा. हाय.”

साळूबाईंनी डोळे उघडले. ज्योतीकडं बघितलं. मग आधी समईत तेल घातलं आणि नंतर रडल्या. हंबीरराव खाली बसले ते एकदम मांडी घालूनच. धोंडुबाईनं देवीचा उदो केला आणि अंगणातल्या भिजलेल्या गल्लीनं तो उचलून धरला.

लालासाहेब निथळत आत आले. त्यांनी जळका तट्ट्या पाहिला, काळी परात पाहिली, ज्योत पाहिली.

“मुकादम,” शेवटी ते म्हणाले, “मी पुण्याचा बंब पाहिलाय. तो आग विझवतो म्हणजे घरात जे असेल ते सगळं बुडवतो. पण घराची आग विझवायची आणि देवाचा दिवा राखायचा, हे काम मी आजवर पाहिलं नव्हतं. चौघांपैकी एकालाही मी काढणार नाही. कमिटीत कोण काय म्हणतंय ते बघतो.”

“त्येचं असं झालं, सायेब,” नाथाजीनं तोंड उघडलं, “आमच्या पायपातनं...”

हंबीररावांनी त्याच्या पायावर पाय दिला.

“पाइपाचं कळलं मला,” लालासाहेब कोटाची बाही पिळत म्हणाले. “चांगलं कळलं. सगळीकडून कळलं. उद्याच सांगलीला माणूस पाठवतो. नवा कोरा पाइप येईल!”

चौघं एकमेकांकडं बघत राहिले. इतकी वर्षं ज्या पाइपासाठी अर्ज करून दमले, तो असा भिजत आला होता. हंबीरराव उठून सलाम ठोकणार, तोच साळूबाई म्हणाल्या,

“नगं.”

सगळे वळले. त्या आवाज न चढवता, वातीची काजळी झाडत बोलत होत्या.

“नवा पायप नगं, सायेब. आईनं ह्येच पायपानं दिवा राखला. माजा अर्जुना उंबरा वलांडून घरात येईस्तवर ह्यो पायप बदलायचा न्हाई, आन त्येचं एक भोकसुदिक बुजवायचं न्हाई. मी आईला आताच बोलून बसलीया.”

“अगं, पर...” हंबीररावांचा आवाज रडकुंडीला आला. त्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेबांनी समईकडं पाहिलं आणि हात जोडले. देवीला दिलेल्या शब्दाच्या मध्ये कमिटीला पडता येत नव्हतं.

“पर वैनी,” नाथाजीला राहवेना, “तवर गावात कुटं आग लागली म्हंजी?”

साळूबाईंनी समईची वात थोडी पुढं सारली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

“तवर,” त्या म्हणाल्या, “लोकास्नी सांगा, चुली जरा जपून पेटवा म्हनावं.”