हिरवा खडा, पांढरा लेंगा

सांता क्लाराहून निघताना राधिकाने आपल्या वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं आणि तिथेच दिगंबररावांचं बिनसलं. मुलाचे वडील मागे नि मुलीचे वडील पुढे, हे त्यांच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. पण मुलगा ऑफिसच्या कामात अडकलेला, गाडी सून चालवणार, आणि व्याह्यांना, म्हणजे शशिकांतरावांना, मागे बसलं की मळमळतं म्हणे.

"सोयीची मळमळ आहे," दिगंबरराव खिडकीला म्हणाले.

शेजारी नात सई बसली होती. तिला शाळेत सहलीची माहिती सांगायची होती. "वन फोटो ओन्ली, आबा. माझ्यासोबत एकच आजोबा. जे बेस्ट शिकवतील ते."

तेव्हापासून दिगंबररावांना घास गोड लागेना. व्याही आठवडाभर मोबाइलवर काय वाचत होते, ते आत्ता त्यांच्या लक्षात आलं.

डेथ व्हॅलीच्या वाळवंटात थंडीचे दिवस होते. टेकड्यांवर एक झुडूप नव्हतं, पण रंग असे की वाण्याच्या दुकानातली पोती फुटावीत. इथे हळद, तिथे गेरू, मध्येच मुगासारखा हिरवा पट्टा. पायवाट छोटीच होती. सईने नानांचं, म्हणजे शशिकांतरावांचं, बोट धरलं.

"नाना, ग्रीन का?"

"इथे पूर्वी तळं होतं, बाळा. त्याचा गाळ, त्यावर ज्वालामुखीची राख. हिरवं त्या राखेतून आलं. लाल नि पिवळं लोखंडाच्या गंजामुळे."

"आमच्या गावीही रंगीत माती आहे," दिगंबरराव मागून म्हणाले. "कोणी तिकीट लावत नाही."

"नाना, पुढे सांगा ना."

शशिकांतराव मागे वळले. "व्याही, पाण्याची बाटली माझ्या सॅकमध्ये टाका."

"मुलीकडच्यांना ओझं द्यायची आमच्यात पद्धत नाही," म्हणत त्यांनी बाटली लेंग्याच्या खिशात कोंबली. तिचं झाकण नीट लावायला ते अमेरिकेत येऊनही शिकले नव्हते.

वाटेत बोर्ड होता. त्यावर खडा उचलणारा हात आणि हातावर लाल फुली. तो बोर्ड मुलीकडच्यांसाठी असावा, असं दिगंबररावांनी ठरवलं. व्याही नुसतं बोलतात, आपण नातीच्या हातात वस्तूच ठेवू. एक छानसा हिरवा खडा उचलून त्यांनी त्याच खिशात सरकवला.

चढावर त्यांच्या मांडीला गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र लेंग्यावरून हिरवा ओघळ गुडघ्याकडे निघाला होता. त्यांनी टोपी काढून पुढे धरली आणि खेकड्यासारखे तिरके चालू लागले.

"बाबा, बरं वाटत नाही का?" राधिकाने सासऱ्यांना विचारलं. मग तिला टोपीखालचं दिसलं. "बाबा... हिरवं?"

शशिकांतराव जवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, "व्याही, या वयात होतं असं. संकोच करू नका. वॉशरूम पार्किंगपाशी आहे."

ती माया दिगंबररावांना सोसेना. "माती आहे ती," ते म्हणाले. "चोरलेली आहे."

सईने खाली बसून लेंग्याला बोट लावलं. "नाना, तुम्ही इतका वेळ बोललात. पण आबांनी दाखवलं. पाणी लागलं की हिल्स मेल्ट होतात."

"मी गाळ म्हणालोच होतो," नाना म्हणाले.

"आबा, डोन्ट मूव्ह."

सई त्यांना खेटून उभी राहिली आणि राधिकाने फोटो काढला. खिसा उलटा, लेंगा हिरवा, आणि चेहरा लग्नात मानाचा फेटा बांधून घेणाऱ्या वरपित्याचा. मग सईने त्यांना उचलल्या जागी नेऊन खिशातला चिखल खरवडून परत ठेवायला लावला. दिगंबररावांनी तोही एखादा विधी असावा तसा केला.

पार्किंगमध्ये राधिकाने पुढच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली. "बाबा, तुम्ही पुढे बसा. हीटरने लेंगा वाळेल."

दिगंबरराव बसले. पिशवी कुरकुरली, पण सीट पुढची होती.

"नाना कुठे राहिले?" राधिका म्हणाली.

नाना बऱ्याच वेळाने आले. रिकामी बाटली हातात, चाल तिरकी, आणि पांढऱ्या पँटवर खिशापासून गुडघ्यापर्यंत पिवळाधमक ओघळ. येताना दिसेल त्याला ते पँट वळवून दाखवत होते. राधिकाने डोळे मिटून घेतले.

"फोटो झालाय, नाना," सई म्हणाली. "आता पुट इट बॅक."

दिगंबररावांनी काच खाली केली.

"व्याही," ते मायेने म्हणाले, "या वयात होतं असं. संकोच करू नका."