खलीलमामू आणि शेवटची दहा मिनिटं

खलीलमामूंच्या घरी पाहुणा आला की ते 'या, बसा' म्हणत नाहीत. दारातच खाकरतात, हात पाठीमागं बांधतात आणि म्हणतात, "कृपया लक्ष द्या. देगलूरहून आलेले साडूभाई बैठकीत दाखल झालेले आहेत. चहा पाच मिनिटं उशिरानं सुटेल." पाहुणा नवा असेल तर तो बिचारा इकडंतिकडं बघतो. जुना असेल तर चप्पल काढून गप बसतो.

मामूंनी उभी हयात नांदेडच्या बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारल्या. रिटायर झाले, माईक सुटला, पुकारणं काही सुटलं नाही. भाचीच्या लग्नात नवरदेव आला तर यांनी तो फलाट क्रमांक एकवर लावला. माझं विष्णुपुरीत, कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे आणि मामूंचं घर बरोब्बर समोर. म्हणजे हे सगळं मला रोज फुकटात. मी तसा तिरसट माणूस. पण गेल्या महिन्यात या म्हाताऱ्यानं मला असं पळवलं की विचारू नका.

त्यांच्या माडीवर ग्रेस राहते. आफ्रिकेतल्या मलावी देशाची पोरगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं आणि तिकडच्या दहाबारा पोरापोरींनी ठरवलं, कॉलनीच्या सभागृहात आफ्रिकी सिनेमाचा आणि संस्कृतीचा महोत्सव करायचा. शनिवारी खाणं, नाचगाणं. रविवारी दुपारी सिनेमा. सिनेमा ग्रेसच्या मामेभावानं तिकडं त्यांच्या गावातच काढलेला, आणि त्यात तिच्या आईचं काम. अगदी शेवटच्या दहा मिनिटांत.

झालं. मामूंनी व्हिडिओ कॉलवर त्या माउलीला शब्दच देऊन टाकला. "अम्मा, पूरा हॉल आपको देखेगा. एक भी आदमी नहीं उठेगा." ग्रेसनं ते त्यांच्या चिचेवा भाषेत सांगितलं. आई तिकडं लाजून पदराआड, म्हणजे त्यांच्याकडच्या रंगीत कापडाआड गेली.

"मामू, शब्द कशाला दिला?" मी म्हणालो. "आपली माणसं मराठी कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसत न्हाईत."

"दिला न्हवं आता? तू पोस्टर काढ. लई मोठं काढ."

माझी धास्ती होती जोंधळेकाकूंची. काकू कुठल्याही कार्यक्रमातून तासाभरात उठतात. 'चला बाई, कुकर लावायचाय' म्हणत पदर खोचतात, आणि त्यांच्यामागं बायकांची अख्खी बाजू उठते. बायका उठल्या की नवरे कशाला थांबतात? मामूंनाही हे ठाऊक होतं. "जोंधळेबाई बसली की हॉल बसला," असं ते आठवडाभर घोकत होते.

शनिवारी नुसती धमाल. त्यांचे ढोल घुमले, तशी कॉलनीतल्या पोरांना राहवेना, त्यांनी हलगी आणली, आणि मग कोण कुणाला नाचवतंय ते कळेना. मक्याचं पीठ घट्ट शिजवून केलेली न्सिमा आली. काकूंनी घास घेतला, म्हणाल्या, "ही तर उकडच की," आणि दोनदा वाढून घेतली. मामू माईकवर होतेच. "टांझानियाची पोरं मंचाकडं निघालेली आहेत. वाटेतल्यांनी पाय आखडून घ्यावेत."

रविवार मात्र कसोटीचा. सिनेमा चिचेवात, खाली इंग्रजी अक्षरं पळत जाणारी. मामूंनी तोड काढली होती. पडद्याशेजारी उभं राहून सगळं मराठीत सांगायचं. त्यासाठी ग्रेसला बसवून त्यांनी तो सिनेमा आठ वेळा बघितला, आईची वाक्यं माझ्याकडून मोठ्या अक्षरात छापून घेतली. चार वाजता हॉल गच्च भरला. काकू पहिल्या रांगेत, पण कडेला. सुटायला सोपं.

गोष्ट साधी. ढोल वाजवणारा एक तरुण गावच्या मुखियाशी भांडतो, घरी आईशीही भांडतो आणि पायी शहराकडं निघतो. निघतो तो चालतोच. मामेभावाला चालण्याचं भारी वेड असावं. रस्ता, धूळ, पोराची पाठ. कुणी बोलेना, मग मामू सांगणार काय? पाच मिनिटं गेली. काकूंचा हात पदराकडं गेला.

"कृपया लक्ष द्या." मामूंचा आवाज कडाडला. "पोरगा सोनखेडला पोचलेला हाय. ऊन लई हाय. लोह्यापर्यंत पाणी मिळणार न्हाई."

मलावीतला पोरगा मामूंनी सरळ नांदेड-लातूर रस्त्याला लावला होता. हॉल खदखदून हसला. काकूंचा हात खाली आला.

"माळाकोळी मागं पडलेली हाय. पोरगा थांबायचं नाव घेईना."

मागून कुणीतरी ओरडलं, "मामू, बस का पकडत न्हाई?"

"घरात भांडून निघाला हाय. भांडलेला माणूस बसची वाट बघत न्हाई."

"अहमदपूरला माझं माहेर आहे," काकू जागेवरूनच म्हणाल्या, "तिथं तरी जेवू घाला त्याला."

"जेवण न्हाई, बाई. दिग्दर्शकाची परवानगी न्हाई."

मग काय, माणसं हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. पोरगा अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचला, तिथं त्याचं शहराशी पटलं नाही आणि तो त्याच वाटेनं परत फिरला. परतीचे सगळे थांबे लोकच पुकारायला लागले. तास झाला, सव्वा तास झाला, एक माणूस हलला नाही. मला तर इतका आनंद झाला होता की शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा टाळी दिली.

आणि पोरगा घराशी आला. दार उघडलं. ग्रेसची आई बाहेर आली.

मामूंनी कागद धरला, माईक तोंडाशी नेला. आई बोलायला लागली आणि मामूंनी माईक खाली घेतला. मी मागून हातवारे करतोय, 'बोला, बोला'. त्यांनी नुसती मान हलवली. ती आई पोरावर ओरडली, त्याचे पाय धुतले, पुन्हा ओरडली. कानावर पडलेला एक शब्द आम्हाला कळला नाही आणि खालच्या इंग्रजी अक्षरांकडं कुणी बघितलंही नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सिनेमा संपला तेव्हा ग्रेसनं आईला फोन लावून हॉलकडं धरला. इतक्या टाळ्या त्या सभागृहानं आमदारांच्या सत्कारालाही ऐकल्या नसतील.

नंतर आम्ही दोघं वायरी गुंडाळत होतो.

"मामू, ऐन वेळी बंद का पडलात?"

"दिलीप, मामी गेल्यापासून घरात मीच पुकारतो, मीच ऐकतो," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी वर पोरगी आईशी बोलती. फोन स्पीकरवर ठेवती. मी खाली तवाच जेवायला बसतो. तीन वर्सं झाली, एक अक्षर कळत न्हाई. पण घास उतरतो. त्या आवाजावर मी काय बोलू?"

एवढी वर्षं समोर राहून मी या माणसाची नुसती टिंगल केली होती.

मामूंनी वायरीला गाठ मारली. "परीक्षा झाली की ग्रेस जाणार. माडी रिकामी होईल. तुझ्या दुकानात पोरंपोरी येतात, बघून ठेव कुणी. कुठल्या बी देशाचं चालंल. फोनवर मोठ्यानं बोलणारं पायजे."