फ्रिजवरची गुणपत्रिका

अर्विन स्टोल्झने ठरवलं, गुणपत्रिका विद्यापीठात आपण स्वतः नेऊन द्यायची. टपालावर त्याचा भरवसा नव्हता. (आयोवातल्या त्या गावात सव्वीस वर्षं तो स्वतःच टपाल वाटत होता, भरवसा असणार कुठून?)

चौपन्नाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, त्याने कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पुरी केली होती. आता विद्यापीठात मानसशास्त्राच्या थेट तिसऱ्या वर्षाला बसायचं. शुक्रवारी चारच्या आत गुणपत्रिका पोचली नाही, तर वर्ष गेलं. आणि कॉलेजने दिलेल्या लिफाफ्याचं सील फुटलं, की आतला कागद रद्दी.

बुधवारी लिफाफा टेबलावर ठेवून तो हात धुवायला गेला. परत येतो तर गुणपत्रिका फ्रिजवर, मक्याच्या कणसाच्या चुंबकाखाली!

"आर्लिस, फोडलंस?"

"मग? बायकोपासून काय लपवायचंय? गणितात सी. तरीच."

"अगं, ते सील..."

"आणि हे काय? 'अवधान आणि एकाग्रता', ए! परवा एक मोजा निळा, एक काळा घालून गेला होता, तो कोण रे?"

माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्याला, बायको पाकीट फोडणार एवढंही कळू नये! (त्याला कॉलेज लागत नाही.)

गुरुवारी सकाळी त्याने कॉलेजातून दुसरा लिफाफा मिळवला. घरी न्यायची सोय नव्हती, म्हणून टपालगाडीतच पत्रांच्या ट्रेमध्ये ठेवला. संध्याकाळी सव्वादोनशे घरं वाटून झाली आणि ट्रे रिकामा झाला. अगदी रिकामा. सव्वीस वर्षांच्या सवयीचे हात. ट्रेमध्ये दिसेल ते वाटून मोकळे.

तो उलटा फिरला. शेवटचं घर त्याचं स्वतःचं. त्याच्या अलीकडचं फायफरबाईंचं. तिथे दार वाजवलं.

"बाई, माझं एक पाकीट चुकून..."

"मिळालं की!" म्हातारी म्हणाली. "गणितात जरा कच्चा आहेस."

गुणपत्रिका तिच्याही फ्रिजवर होती.

"नवरा गेल्यापासून या दाराला लावण्यासारखं काही आलंच नाही रे. राहू दे ना, पोरा."

सील फुटलेलंच होतं. राहू दिली.

शुक्रवारी तो कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिला, तेव्हा आतली लुसिंडा चष्म्यावरून बघत म्हणाली, "पुन्हा? खाता की काय कागद?"

"या वेळी दोन द्या."

"कशाला? कॉम्प्युटरवरून थेट विद्यापीठात पाठवते. हे बघा, गेली."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही पाकीट मागितलंत. म्हटलं, टपालवाला माणूस, असेल हौस."

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, ट्रेमध्ये विद्यापीठाचं जाड पाकीट दिसलं. त्याच्याच नावाचं. कामावर असताना पत्र फोडायचं नाही, हा नियम. आणि अर्विन नियमाचा पक्का. त्याने ते शेवटच्या घरासाठी मागे सारलं आणि दिवसभर हवेत तरंगत टपाल वाटलं. मनातल्या मनात तर दोन पेशंटही बरे केले. मग गाडी जागेवर लावून घरी आला आणि आपली टपालपेटी उघडली.

आत बागेच्या बियाण्यांची यादी होती. वर नाव: श्रीमती फायफर.

"पोरा!" शेजारच्या ओट्यावरून म्हातारी ओरडली. "घेतलं रे तुला! वाचून फ्रिजवर लावलंसुद्धा!"

तिच्या स्वयंपाकघरातून आर्लिसचा आवाज आला, "अवधान आणि एकाग्रता, ए!"