टिचबटणांची अर्थव्यवस्था

कॉलेजचा प्रोजेक्टर ऐन वेळी जळाला आणि अर्थशास्त्राच्या मास्तरांनी तक्ते कापडावर रंगवायचं ठरवलं. बायको शिवणकाम करायची, त्यामुळे घरात कापडाला तोटा नव्हता. व्याख्यानाचा विषय दोन विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थांची तुलना. एकाची सगळी मदार कॉफीवर, दुसऱ्याची तयार कपड्यांवर. मास्तर अजून हंगामीच होते. त्यांना कायम करायचं की नाही, ते व्याख्यान ऐकून बाहेरचे तज्ज्ञ ठरवणार होते.

मास्तरांनी कपड्यांच्या देशाची चढती रेघ हिरवी काढली, कॉफीच्या देशाची उतरती निळी. नावाच्या पट्ट्या तेवढ्या बायकोकडे सोपवल्या.

"नीट लाव हं."

"लग्नाआधीपासून शिवतेय मी. आता तुम्ही शिकवा मला."

कॉफीच्या देशाच्या नावाची पट्टी नेमकी हिरव्या कापडाची निघाली. तिने ती हिरव्या रेघेखाली लावली. मॅचिंग म्हणजे मॅचिंग.

मास्तरांनी भरल्या वर्गात तक्ते उलगडले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कॉफीवाले थेट आभाळात, कपडेवाले तळाला. पहिल्या रांगेत तज्ज्ञ पेन उघडून बसलेले. चूक झाली म्हणावं तर नोकरी गेली. त्यांनी घसा खाकरला आणि दिलं रेटून. "कॉफीवाल्यांनी रस्ते बांधले, शाळा काढल्या. कपडेवाले एकाच धंद्याच्या भरवशावर राहिले."

तज्ज्ञ मान डोलवत होते. पोरं भराभर लिहून घेत होती. ते मात्र मास्तरांना बघवेना.

"थांबा, लिहू नका," ते म्हणाले. "पट्ट्यांची अदलाबदल झालीय. हे सगळं उलटं आहे."

"मग मघाची कारणं?" तज्ज्ञांनी विचारलं.

"तीही उलटी लावा. तशीच बसतात."

व्याख्यान ऐकायला आलेली बायको मागच्या रांगेतून उठली, पुढे आली. टक्, टक्. दोन्ही पट्ट्या निघाल्या आणि जागा बदलून बसल्या.

"शिवल्या नव्हत्यास?" मास्तर पुटपुटले.

"टिचबटणं लावलीत. आज वर गेलेला देश उद्या खाली येईल. दर वेळी टाके कोण उसवत बसणार?"

तज्ज्ञ पोट धरून हसले. "ह्यांना कायम करा," ते प्राचार्यांना म्हणाले. "आमच्या धंद्यात चूक कबूल करणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय."

संध्याकाळी तिने मास्तरांच्या कोटाच्या आतल्या बाजूला 'कायम' अशी छोटी पट्टी लावली. मास्तर खूश झाले, पण त्यांनी ती हळूच ओढून पाहिली. या वेळी तिने टाके घातले होते, तेही दुहेरी.