भिकोबाची बिनफटीची गिटार

मुलांनो, नीट बसा आणि एकमेकांच्या खोड्या काढू नका. एका जंगलात भिकोबा नावाचा साळिंदर राहत होता. त्याने शिवणीच्या झाडाच्या फळ्या जोडून घरीच गिटार बनवली. अंगावरून गळलेल्या काट्यानेच तो ती छेडायचा.

काट्याचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून त्याने एक युक्ती केली. सहलीवाले टाकून गेलेल्या बादलीतून प्लॅस्टिकचा तुकडा कापला आणि गिटारच्या पोटावर चिकटवला. अशा तुकड्याला शिकलेली जनावरं पिकगार्ड म्हणतात.

तुकडा जरा आखूड पडला. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. पण गिटार अशी वाजायची, की तरससुद्धा हसायचं विसरून ऐकत बसे.

एकदा कला मंडळाचे चिटणीस कोल्हेसाहेब घरी आले. भिकोबाने डोळे मिटून अख्खी धून वाजवली. डोळे उघडले, तर साहेब गिटारवर वाकलेले.

"फट आहे," साहेब म्हणाले.

"हो, जरा राहिली. पण धून कशी वाटली?"

"माझं लक्ष फटीकडे होतं. पौर्णिमेला संमेलन आहे. सिंहमहाराज स्वतः बघणार आहेत."

भिकोबाचं जेवणावरून लक्ष उडालं. त्याने फटीत डिंक भरला. तो पिवळा दिसला. खरवडला, तर फट शेंगदाण्याएवढी झाली. मग बादलीचा कीस वितळवून ओतला. त्याला फुगे आले. ते घासले. आता फटीत बोट जाऊ लागलं.

"अहो, जरा वाजवा की," त्याची बायको येसूबाई म्हणाली. "आठ दिवस झाले, घर कसं मुकं वाटतंय."

"वाजवू कशी? फट दिसते!"

"मला मेलीला नुसती धूनच ऐकू यायची."

भिकोबाने काटे फुलवले. बिचारी आत गेली.

शेवटी त्याने उरलेल्या बादलीचा नवा पिकगार्ड कापला. मागचा-पुढचा विचार न करता गिटारचं पोट काठोकाठ झाकलं. आवाजाचं भोकही झाकलं गेलं. फट म्हणून उरली नाही.

संमेलनात भिकोबाने तारांवर काटा फिरवला.

"ठक्."

पुन्हा फिरवला. "ठक्."

सिंहमहाराज उठले. त्यांनी पिकगार्डच्या कडेवरून नख फिरवलं. "कुठेच अडकत नाही! वा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. 'ठक्'मध्ये फार खोल अर्थ आहे, असं कोल्हेसाहेब भाषणात म्हणाले. भिकोबाला शाल मिळाली, ती काट्यांत अडकून फाटली. शिवाय फट-तपासणी अधिकाऱ्याची खुर्चीही मिळाली.

पुढच्या वर्षी दयाळ पक्षी गाण्याची परवानगी मागायला आला. त्याने नमुन्यादाखल एक तान घेतली. भिकोबाने चष्मा सावरून त्याला नीट न्याहाळलं.

"गाताना चोचीत फट पडते," तो म्हणाला. "बुजवून आणा."

तात्पर्य : कलेतले दोष काढत बसू नये, कलाच काढून टाकावी. दोष आपोआप जातात आणि नोकरी लागते.