साहेबांनी वाचलेलं आभाराचं भाषण

दोन्ही भाषणं निळ्याच फायलींत ठेवायची असं जावक कारकुनाने ठरवलं, तेव्हा त्यात वावगं असं काही नव्हतं. कपाटात फायली निळ्याच होत्या. लाल हवी असती तर तीन प्रतींत मागणी करावी लागली असती, आणि ती मंजूर होईपर्यंत हा गृहस्थ निवृत्त झाला असता.

आता एका माणसाकडे दोन भाषणं कशी, तेही सांगायला हवं. एकवीस वर्षं कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर टाकल्याबद्दल यंदा आदर्श कर्मचारी म्हणून त्याची निवड झाली होती. साहेब त्याचं कौतुक करणार, मग तो आभार मानणार, असा बेत. पण साहेबांची भाषणं नेहमी तोच लिहून द्यायचा. त्यामुळे साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून आणा. मला तुमची काहीच माहिती नाही."

त्याने आणले. (स्वतःची स्तुती लिहिताना माणूस संकोचतो, पण पहिल्या परिच्छेदापुरताच. चौथ्या पानावर त्याने स्वतःला आवरलं.)

आभाराच्या भाषणाला मात्र आठ दिवस लागले. त्यात बायकोबद्दल एक परिच्छेद होता. घरी त्याला असलं काही बोलणं जमायचं नाही. घरी तो फार तर "मीठ कमी आहे" एवढं म्हणायचा, तेही खरोखरच कमी असलं तर. म्हणून जे काही बोलायचं ते एकदाच, माइकवर, सगळ्यांच्या देखत बोलून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं.

समारंभाच्या दिवशी बायको ठेवणीतले कपडे घालून दुसऱ्या रांगेत बसली. सूत्रसंचालन करणाऱ्या टंकलेखिका बाईंना टेबल आवरायची हौस. त्यांनी दोन्ही फायली एकावर एक नीट रचल्या आणि वरची साहेबांच्या हातात, खालची कारकुनाच्या हातात दिली.

साहेब भाषण आधी वाचत नसत. खरं तर वाचतानाही वाचत नसत. गेल्या वर्षी त्यांनी पानाखालची "कृपया मागे पाहा" ही सूचनाही ठणठणीत आवाजात वाचली होती, आणि सगळ्या सभागृहाने माना वळवून मागे पाहिलं होतं.

साहेबांनी चष्मा लावला. "माझ्यासारख्या साध्या जावक कारकुनाचा आज सत्कार होतोय, यावर माझा विश्वासच बसत नाही."

कारकुनाने आपल्या हातातली फाइल उघडली. आत स्वतःचीच स्तुती होती.

"काय नम्रपणा आहे," मागून कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

कारकून खोकला. साहेब त्याचा खोकला संपेपर्यंत थांबले आणि पुढे निघाले. शेवटी त्याने एक चिठ्ठी लिहून बाईंच्या हाती वर पाठवली. साहेबांनी ती घेतली, उलगडली आणि तीही वाचली. "साहेब, हे भाषण माझं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे एवढं ठासून सांगणारा अधिकारी त्या सभागृहाने आजवर पाहिला नव्हता.

मग तो परिच्छेद आला. "एकवीस वर्षं मी जगाची पत्रं पाठवली, पण माझ्या बायकोला एक ओळ लिहिली नाही. संध्याकाळी जिन्यावर माझ्या चपला वाजल्या की ती दार उघडते. मला कधी कडी वाजवावी लागली नाही. हा सत्कार खरं तर तिचा आहे."

पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या पत्नीने डोळे टिपले. (त्यांच्या बंगल्याला जिना नव्हता, पण अशा वेळी कोण बघतं.) दुसऱ्या रांगेत कारकुनाची बायकोही डोळे टिपत होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. स्वतःच्या भाषणातलं आठवत होतं तेवढं साहेबांनी वापरून टाकलं होतं. आता एकच उपाय. हातातलं भाषण वाचायचं, आणि आपलं नाव येईल तिथे 'साहेब' म्हणायचं.

"साहेब एकवीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाहीत."

मग शेवटच्या रांगेत साहेबांचा ड्रायव्हर फस्सकन हसला.

"साहेबांच्या टेबलावर कोणाचा कागद दोन दिवसांच्या वर राहिला नाही." आता तीन रांगा हसत होत्या. कारकुनाने घाबरून दोन ओळी गाळल्या, तर तिसरी आणखी वाईट निघाली. "आणि साहेब आपलं काम कधीही दुसऱ्याकडून करून घेत नाहीत."

लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसू लागले. तो कसाबसा खाली बसला. आता बदली नक्की, कुठे एवढंच बघायचं राहिलं होतं.

साहेब उठून त्याच्याजवळ आले. "जरा जास्तच बोललात," ते म्हणाले. "पण सगळं खरं होतं, म्हणून अडवलं नाही."

घरी परतताना त्यानेच बायकोला विचारलं, "माझं भाषण कसं झालं?"

"ठीक होतं. साहेबांची हांजी हांजी जरा जास्त झाली." मग ती हळूच म्हणाली, "साहेब मात्र बायकोबद्दल किती मनापासून बोलले. तुम्हाला इतक्या वर्षांत असं एक वाक्य सुचलं नाही."

"अगं, ते मीच लिहिलं होतं. तुझ्यासाठी."

ती चालायची थांबली. "दुसऱ्याचं चांगलं दिसलं की आपलं म्हणायची सवय तुम्हाला कधीपासून लागली?"

"पण जिना? चपला?"

"चपला साहेबांनाही असतात. उद्या त्यांच्याकडून तो कागद मागून आणा. मला जपून ठेवायचाय."

त्याने मागितला. साहेबांनी आनंदाने दिला, शिवाय त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात शेरा मारला, "विवाहित कर्मचाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा," आणि झोकात सही केली.

बायकोने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, रोज शर्ट काढताना नवऱ्याच्या नजरेस पडेल असा.