एक शून्य जास्त

गृहकर्जाच्या हप्त्यावर दरमहा दोनशे चाळीस पौंड जास्तीचे भरायचे, हा निर्णय गॅविन आणि कर्स्टी यांनी जूनमधल्या पहिल्या रविवारी नाश्त्याच्या टेबलावर एकमताने घेतला. एकमत व्हायला अडीच महिने लागले होते. तेवढ्या काळात कर्स्टीने नखं रंगवून घ्यायला जाणं बंद केलं होतं. गॅविनने जिम सोडली होती. म्हणजे जात तर तो आधीही नव्हता, आता फक्त त्याचे पैसे भरणं सोडलं होतं. क्रेडिट कार्डसुद्धा दोघांनी मार्चमध्येच, कर्जमुक्तीच्या पहिल्या उत्साहात, कात्रीने कापून टाकलं होतं.

बार्न्स्लीतल्या चढावरचं त्यांचं घर लहान होतं, पण कर्ज एकतीस वर्षांचं होतं. ते रीतसर फिटलं असतं तेव्हा गॅविन त्रेसष्ट वर्षांचा झाला असता. दोनशे चाळीस जास्त भरले तर एकोणपन्नासाव्या वर्षीच मोकळा. हा हिशोब गॅविनने इतक्या वेळा करून पाहिला होता, की आपण एकोणपन्नासचे कधी होतो असं त्याला झालं होतं.

"भरतो मग," तो फोन हातात घेऊन म्हणाला.

"भर की," चहा ओतता ओतता कर्स्टी म्हणाली.

गॅविनने दोन, चार, शून्य दाबलं. फोन जुना होता, जरा वेळ तसाच अडकून राहिला. शून्य उमटलं नाही असं वाटून गॅविनने ते पुन्हा दाबलं. मग फोनने विचारलं, खात्री आहे का?

"खात्री आहे का म्हणतोय."

"आहे म्हण. अडीच महिने दुसरं काय करतोय आपण?"

गॅविनने 'आहे' दाबलं. खात्यातले चोवीसशे पौंड कर्जात गेले. मागे एकसष्ट पौंड उरले. पुढचा पगार सव्वीस दिवसांवर होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गॅविनने बँकेला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक अतिशय गोड बाई आली.

"माझ्याकडून चुकून जास्त पैसे भरले गेलेत," गॅविन म्हणाला.

"जास्त भरलेत? अरे वा, अभिनंदन. तुमचं कर्ज आता पाच महिने लवकर फिटेल."

"मला ते परत हवेत."

बाईचा आवाज जरा उतरला. कर्जात आलेले पैसे सहसा परत जात नाहीत, असं तिने सांगितलं. फारच ओढाताण असेल तर अर्ज करता येतो. अर्ज टपालाने येईल, त्यात ओढाताण सविस्तर लिहायची, मग पंधरा दिवसांत निर्णय होतो. "आणि तोपर्यंत तुमचं व्याज वाचतच राहील," ती म्हणाली. तिला गॅविनला काहीतरी बरं सांगायचं होतं.

संध्याकाळी नवरा-बायकोने ठरवलं, की कुणाकडेही उसने मागायचे नाहीत, आणि कर्स्टीच्या वडिलांना यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही. ट्रेव्हर बस आगारात पस्तीस वर्षं काम करून मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. गॅविनने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं, तेव्हापासून जावयाबद्दलचं त्यांचं मत तयार होतं, आणि ते बदलायची त्यांना काही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गाडी दारात उभी राहिली. गॅविन सकाळी साडेसहालाच घरचे सँडविच घेऊन पायी निघू लागला. तो पॅश्ली यांच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि दुकान पायी सव्वा तासावर होतं. कर्स्टी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. तिने मैत्रिणींबरोबरचं गुरुवारचं जेवण टाळलं, पोट बिघडल्याचं सांगितलं. रात्री टोस्टवर डब्यातले बीन्स, आणि बदल म्हणून कधी बीन्सशेजारी टोस्ट.

हे सगळं शेजारच्या मिसेस क्रॅबट्री खिडकीतून बघत होत्या. गाडी हलत नाही, माणूस भल्या पहाटे डबा घेऊन कुठेतरी पायी जातो आणि संध्याकाळी पाय ओढत येतो. त्यांच्या चुलतभावाची नोकरी गेली होती तेव्हा तोही असाच रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचा. केस कापायला गेल्यावर मिसेस क्रॅबट्रींना शेजारच्या खुर्चीत कर्स्टीची आई मॉरीन भेटली. दोघींचे केस होईपर्यंत गॅविनची नोकरी गेली होती.

मॉरीन पुढच्या बुधवारी संध्याकाळी मटणाच्या स्ट्यूचं मोठं भांडं घेऊन आली. कर्स्टी अजून दवाखान्यातच होती. मॉरीनला सरळ विचारणं कधी जमत नसे. तिने आधी स्ट्यू गरम करायला ठेवला, मग ओटा पुसला, मग गॅविनच्या समोर बसून त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला कळलंय, पोरा."

गॅविनला वाटलं, कर्स्टीला राहवलं नाही, आईला सांगून मोकळी झाली. त्याला बरंच वाटलं. दहा दिवस कुणाशी बोलता आलं नव्हतं.

"माझीच चूक," तो म्हणाला.

"असं कसं झालं पण?"

"बोट घसरलं हो."

मॉरीनने हात काढून घेतला. "बोट घसरलं?"

"क्षणात झालं. मी दोनशे चाळीसच घेऊन बसलो होतो. बघतो तर चोवीसशे."

"चोवीसशे," मॉरीन म्हणाली. "कर्स्टीला माहीत आहे?"

"ती शेजारीच उभी होती की. मी जरा थांबलो होतो खरं, पण तीच म्हणाली, कर."

"माझी कर्स्टी?"

"तिला नका बोलू. आमचं दोघांचंच ठरलं होतं, दर महिन्याला थोडं थोडं करायचं म्हणून. पहिल्याच वेळी असा घोळ झाला."

मॉरीनने उठून स्ट्यूखालचा गॅस बारीक केला.

"आणि आता?"

"अर्ज केलाय. मिटेल पंधरा दिवसांत. फक्त ट्रेव्हरना सांगू नका, मॉरीन. त्यांना मी तोंड दाखवू शकणार नाही."

"नाही सांगत," मॉरीन म्हणाली, आणि घरी पोहोचल्यावर अंगातला कोट काढायच्या आत तिने ट्रेव्हरना सगळं सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास गॅविन मागच्या खोलीत यंत्रावर काच धरून बसला होता. पुढच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला म्हणून त्याने यंत्र बंद केलं.

"माझं नाव ट्रेव्हर. मी जे बोलायला आलोय ते सोपं नाही," आवाज म्हणाला.

"कुणालाच सोपं नसतं," मिस्टर पॅश्ली म्हणाले. ते सत्तरीचे, मऊ स्वभावाचे गृहस्थ होते, आणि दहा वाजता त्यांच्याकडे एक नवीन गिऱ्हाईक यायचं होतं. "वय झालं की होतंच. बसा इथे. हनुवटी या पट्टीवर टेकवा."

ट्रेव्हर आयुष्यभर कुणाचं ऐकणारे नव्हते, पण आज विनवणी करायला आले होते. त्यांनी डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली.

"मुलगा तरुण आहे," ते यंत्रातून म्हणाले. "वाईट नाही. जरा बावळट आहे."

"कपाळ पुढे घ्या. आता डावीकडे बघा."

"त्याने नेलेले चोवीसशे पौंड मी आणलेत." ट्रेव्हरनी खिशातून जाडजूड पाकीट काढून यंत्राशेजारी ठेवलं. "ऑगस्टमध्ये आम्ही नवरा-बायको व्हिट्बीला समुद्रावर पंधरा दिवस घर घेणार होतो, त्याचे आहेत. मोजून घ्या. पोलिसांत मात्र जाऊ नका."

पॅश्लींनी दिवा मालवला आणि पाकिटात डोकावून बघितलं. "आम्ही तपासणीचे पंचवीस पौंड घेतो," ते म्हणाले.

तेवढ्यात गॅविन एप्रनला हात पुसत दारात आला. ट्रेव्हर हनुवटी न हलवता त्याच्याकडे बघत राहिले.

"तू इथे काय करतोयस?"

"काम करतोय."

"तुला काढून टाकलं ना चोरीवरून?"

पॅश्ली गॅविनकडे वळले. "मी तुला काढलंय का?"

"नाही, मिस्टर पॅश्ली."

"मग चोरी?"

"नाही."

"ते बरं झालं," पॅश्ली म्हणाले. "कारण माझ्या गल्ल्यात चोवीसशे पौंड एका वेळी कधीच नसतात. मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं असतं."

संध्याकाळी चौघं कर्स्टीच्या स्वयंपाकघरात बसले आणि खरं काय ते उलगडलं. मॉरीन रडली, मग हसली. कर्स्टी आईवर चिडली, कारण आईने तिला चोराची जोडीदार समजून दोन दिवस चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या. गॅविन ट्रेव्हरच्या टोमण्याची वाट बघत होता, पण तो आला नाही. ट्रेव्हरनी पाकीट टेबलावर सरकवलं.

"ठेवा हे."

"डॅड, नको," कर्स्टी म्हणाली. "अर्ज मंजूर होईल आता. आमचं चाललंय नीट."

"बीन्स खाऊन?"

"आवडतात आम्हाला बीन्स. तुम्ही व्हिट्बीला जा. मम्मी वर्षभर त्या समुद्राचं नाव काढतेय."

ट्रेव्हरनी पाकीट परत खिशात घातलं. मुलीपुढे त्यांचं फारसं चालत नसे. पण जावयाला आपण चोर ठरवलं आणि वर त्याच्या मालकाला सांगून आलो, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. ते निघताना फ्रिजशी रेंगाळले. तिथे चुंबकाखाली बँकेचं एक पत्र लावलेलं होतं. त्यावरचा खाते क्रमांक ट्रेव्हरनी बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी बँकेतल्या त्याच गोड बाईने स्वतःहून फोन केला. गॅविन दुकानातून नुकताच चालत घरी आला होता. कर्स्टीने कान फोनला लावला.

"तुमचा अर्ज आम्हाला रद्द करावा लागतोय," बाई म्हणाली.

"का?"

"तुम्ही लिहिलंय की घरात खायची ओढाताण आहे. आणि कालच तुमच्या कर्जात आणखी चोवीसशे पौंड भरले गेलेत. रोख."

"आम्ही नाही भरले."

"ट्रेव्हर नावाच्या गृहस्थांनी शाखेत येऊन भरलेत. पावतीवर त्यांनी 'मुलांच्या जेवणासाठी' असंही लिहिलंय." बाईचा आवाज पुन्हा जरा उतरला. "ज्यांच्याकडे पंधरा दिवसांत असे दोनदा पैसे येतात, त्यांची ओढाताण आम्हाला मान्य करता येत नाही हो. पण कर्ज आता दहा महिने लवकर फिटेल."

"निदान ते दुसरे तरी परत द्या. ते त्यांचे आहेत."

"त्यासाठी अर्ज कर्जदारानेच करावा लागतो. आणि तुमचा आत्ताच नामंजूर झालाय."

ट्रेव्हरना सांगायला गॅविन एकटाच गेला. कर्स्टी येते म्हणाली होती, पण त्याने नको म्हटलं. ट्रेव्हर मागच्या अंगणात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बसचं तिकीट काढून दोन्ही बाजूंनी बघितलं.

"फ्रिजवरचाच नंबर आहे," ते म्हणाले. "मी दोनदा ताडून पाहिला."

"नंबर बरोबर आहे. खातं कर्जाचं आहे."

ट्रेव्हरनी एक काठी उपटली आणि पुन्हा तिथेच खोवली. त्यांचे कान लाल झाले होते. पाच वर्षांत गॅविनने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. हा क्षण आपण किती वेळा मनात रंगवला होता हे त्याला आठवलं, आणि आता तो आला तर त्यात काहीच मजा नव्हती. तो आत गेला, चहा करून आणला, आणि मॉरीनने साखरेला बंदी घातली असतानाही ट्रेव्हरच्या कपात दोन चमचे घातले.

"व्हिट्बीचं काय करायचं?" ट्रेव्हर चहा संपवून म्हणाले.

"आमच्याकडे या पंधरा दिवस," गॅविन म्हणाला. "वरची खोली रिकामीच आहे."

तो हे सौजन्याने बोलला होता. ट्रेव्हरनी ते वेळापत्रकासारखं घेतलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता दोघं बॅगा, दोन घडीच्या खुर्च्या आणि वारा अडवायचा कापडी आडोसा घेऊन हजर झाले. मॉरीनने पहिल्याच संध्याकाळी कर्स्टीच्या कपाटातल्या सगळ्या कपबश्यांची जागा बदलली. रोज सकाळी नाश्त्याला अंडी होती, आणि रोज दुपारी ट्रेव्हर एक दार दुरुस्त करत होते. घरात दारं सातच होती, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात ते मोकळे झाले.

"चोवीसशेत या घराचा किती भाग येतो रे?" त्यांनी एकदा गॅविनला विचारलं.

गॅविनला असे हिशोब आवडत. त्याने घराची किंमत घेतली, मजल्यांचं क्षेत्रफळ घेतलं, आणि कागदावर दोनदा मांडून बघितलं.

"जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या," तो म्हणाला.

ट्रेव्हरनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्स्टी कामावर जायला घाईघाईने खाली आली, तर वडील सगळ्यात खालच्या पायरीवर उशी टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. चहाचा कप दुसऱ्या पायरीवर होता आणि चष्म्याची पेटी तिसऱ्या.

"डॅड, मला उशीर होतोय. जाऊ दे ना."

ट्रेव्हरनी पाय आत घेतले आणि पान उलटलं.

"जा की," ते म्हणाले. "मी कुणाला अडवत नाही."